दोन तासांत शुभमंगल

एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या लाटेत महाराष्ट्र सरकारने ‘ब्रेक द चेन’ म्हणत किराणा-भाजीची दुकाने सकाळी 7 ते 11 एवढीच उघडी ठेवली. दिवसभर पांगलेली गर्दी चार तासांत कोंबली की कमी होते, हे गणित कुणी मांडले देव जाणे! पावणेअकराला वाण्याचा एक हात तराजूवर, दुसरा शटरवर, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, ‘अहो, निदान पावशेर रवा तरी!’

लग्नावरही निर्बंध : माणसे 25, वेळ 2 तास, नियम मोडल्यास दंड 50 हजार. आमच्याकडे तेवढा वेळ मामा मुलीला घेऊन येण्यातच जातो. (रुसवेफुगवे मात्र थांबले. रुसणारे यादीतच नव्हते.)

मग 3 जूनला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी जाहीर केले : 18 जिल्हे खुले! काही तासांत सरकारी खुलासा आला : निर्बंध उठलेले नाहीत, प्रस्ताव विचाराधीन. तोवर गल्लीतल्या सलूनवाल्याने आरसा पुसून खुर्ची झटकली होती. म्हणाला, ‘‘बसा साहेब. खुलाशाचा खुलासा येईपर्यंत अर्धी दाढी तरी उरकू.’’