लोचो आणि लाल शाई

१६०८ साली विल्यम हॉकिन्स नावाचा इंग्रज 'हेक्टर' जहाजातून सुरतेला उतरला. पुढे तो जहांगीर बादशहापर्यंत पोचला आणि तिथे त्याचे काम निभावले ते तुर्की भाषेवर. खुद्द इंग्रजाचे इंग्रजीवर भागले नाही! आज त्याच सुरतेत, उधना ते डिंडोली, खांबाखांबावर 'फाडफाड इंग्लिश'च्या पाट्या लटकताहेत. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, १६६४ आणि १६७० साली. त्याचा वचपा हे क्लासवाले आता लिंबायतच्या मराठी घरांवर काढतात, तोही मासिक हप्त्याने.

फाडफाड बोलण्याचा माल आता जुना झाला. नवा माल आलाय: 'क्रिएटिव्ह रायटिंग'. पोरांना इंग्रजी लिहिता येत नाही ना? मग त्यांना सर्जनशील विचाराच्या युक्त्या शिकवा. कल्पना वाईट नाही. वाईट आहे ते आपण तिचे जे करतो ते.

पहिली युक्ती ब्रेनस्टॉर्मिंग. ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याची ही देणगी. नियम साधा: सुचेल ते बोला, बरे-वाईट नंतर ठरवू. आपल्या वर्गात पोराने तोंड उघडले की दुसरा शब्द बाहेर पडायच्या आत सर म्हणतात, "चूक! खाली बस." वादळ येते खरे, पण ते सरांच्या बाजूने.

दुसरी युक्ती एडवर्ड डी बोनोच्या सहा टोप्यांची, १९८५ सालची. पांढरी टोपी माहितीची, लाल भावनेची, काळी धोक्याची. एकाच गोष्टीकडे सहा बाजूंनी बघायचे. शाळेने काय करावे? पालकांकडून कार्डशीट मागवावी, सहा टोप्या शिवाव्यात आणि प्रदर्शनाच्या दिवशी पोरांच्या डोक्यावर चढवून फोटो काढावा. टोपी घालणे याचा मराठीत अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको.

तिसरी युक्ती माइंड-मॅप. मधोमध एक शब्द, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. महाराष्ट्राच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात माइंड-मॅपिंगचा पाठ आहे आणि त्याचे नाव आहे 'डू स्कूल्स रिअली किल क्रिएटिव्हिटी?' शाळा सर्जनशीलता मारतात का? विचार शिक्षणतज्ज्ञ केन रॉबिन्सन यांचा, प्रश्न झकास. उत्तरासाठी गाइड उघडा. तिथे माइंड-मॅप तयार छापलेला मिळतो, फांद्यांसकट पाठ करायला.

आता सुरतेतली ही पोरे कोण ते बघा. यांचे आईबाप तापी लाइनच्या गाडीने जळगाव-धुळ्याहून, नंदुरबारहून आले. घरात अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी. दुधाची पिशवी आणायला जाऊन परत येईपर्यंत हे पोर तीन भाषा बदलते. एका अर्थासाठी चार शब्द हाताशी ठेवणारी ही डोकी. त्यांना सर्जनशील विचार शिकवायला निघालो आहोत आपण! आणि लिहायला काय देतो? 'माय एम इन लाइफ'. पन्नास वह्या, पन्नास डॉक्टर. एवढे डॉक्टर खरेच निघाले असते, तर सिव्हिलपुढची रांग केव्हाच संपली असती.

जियान्नी रोदारी नावाच्या इटालियन लेखकाची एक युक्ती मला या साऱ्यांहून आवडते. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांची गाठ घालून द्यायची. कार्डशीट लागत नाही. समजा, लिंबायतच्या एखाद्या मुलीला शब्द दिले: बॉबिन आणि चंद्र. तिचे वडील रात्रपाळीला लूमवर, आई घरी साडीला टिक्की चिकटवणारी. तिने लिहिले, "मून इज बिग बॉबिन. नाइट थ्रेड फिनिश. मम्मी स्लीप."

व्याकरणाची चाळण झाली आहे, मान्य. पण रात्रीचा धागा संपल्यावर आई झोपते, हे सांगायला जे लागते ते कुठल्या गाइडात मिळते? आपण मात्र या ओळींना दहापैकी दोन देतो आणि 'द काऊ इज अ डोमेस्टिक ॲनिमल' लिहिणाऱ्याला नऊ. गाय बरोबर आहे. पण ती लिहिणाऱ्याची नाही, गाइडवाल्याची आहे.

सरांनाही सगळा दोष देत नाही. वह्यांचा ढीग, अभ्यासक्रमाची घाई, वर पालकांचा तगादा: "सर, स्पेलिंग चुकलं, तुम्ही खूण नाही केली!" लाल शाई दिसली नाही की पालकांना फी फुकट गेल्यासारखी वाटते.

पण याच गावात दादोबा पांडुरंग इंग्रजी शाळेत मास्तर होते. तेच, मराठी व्याकरण लिहिणारे. म्हणजे चुका काढण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. तरीही १८४४ साली सुधारक दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली ती चुका मोजायला नव्हे, प्रश्न विचारायला. सभेने मांत्रिकांना आव्हान दिले, मंत्राची करामत दाखवा बघू! व्याकरणकाराला कळत होते की आधी माणसाजवळ सांगण्यासारखे काही असावे लागते. कर्ता, कर्म, क्रियापद मागून लावता येतात.

सुरतेला तर हे समजवायलाच नको. खमण करताना पीठ सैल झाले, गोळा मोडला, अशी लोचोच्या जन्माची कथा सुरती माणूस हौसेने सांगतो. बिघडलेले खमण त्याने फेकले नाही. वर तेल, शेव, कांदा, चटणी घातली, गाडीवर मांडले आणि गावाला चटक लावली. जे शहर चुकलेल्या खमणाचे एवढे कौतुक करते, त्याने पोराच्या चुकलेल्या वाक्याला निदान एक बशी द्यावी.

तेव्हा सर, बाई, त्या सहा टोप्या कपाटात राहू द्या. एक सातवी आहे, तेवढी सांभाळा: तुमच्या लाल पेनाची. पोराचा पहिला मसुदा वाचून होईपर्यंत ती पेनावरून काढू नका.