फॅन्सीचा गणिती

सामना कोण जिंकणार यावर पैसे लावतात तो साधा सट्टा. पहिल्या सहा षटकांत धावा किती, अमका फलंदाज तिशी गाठणार का, यावर लावतात ती फॅन्सी. फॅन्सीचा गणिती हा दुसऱ्या शाखेतला विद्वान. पौडहून ताम्हिणीकडे जाताना माले लागते. आयपीएलच्या हंगामात तिथल्या एखाद्या टपरीवर संध्याकाळी तो हमखास सापडावा. वय तिशीच्या आत, पिरंगुटच्या कारखान्यात क्वालिटीला नोकरी, मोबाइलमध्ये एक्सेलची शीट. शीटला तो ‘मॉडेल’ म्हणतो. मटकेवाल्याला आकडा स्वप्नात दिसायचा, याला तो कॉलममध्ये दिसतो. प्रगती म्हणायची ती एवढीच.

त्याचे गणित मात्र अगदीच पोकळ नसते. सरासरी 40 म्हणजे निम्म्या वेळा चाळिशी पार, असा टपरीचा हिशोब. पण दोन-चार शतके सरासरी वर ओढतात आणि लवकर बाद होण्याचे डाव ढीगभर असतात. प्रत्येक धावेला बाद होण्याची शक्यता सारखीच धरली, तर 40 सरासरीच्या फलंदाजाचे निम्मे डाव 28 धावांपर्यंतच आटोपतात. म्हणून सगळी टपरी ‘तीस तर कुठंच नाही गेले’ म्हणत असताना हा शांतपणे ‘नाही’ लिहितो. इथपर्यंत तो बरोबर असतो आणि तिथेच बिघडतो.

कारण मग कॉलम वाढतात. डावखुरी फिरकी, गहुंज्याची खेळपट्टी, दुसरा डाव अशा चाळण्या लावल्या की हाती तीन डाव उरतात. त्या तिनांवरून टक्केवारी निघते दोन दशांश स्थळांपर्यंत. दव पडेल का, हे तो गोठ्याकडे निघालेल्या आजोबांना विचारतो. आजोबा म्हणतात, “पडंल की.” शीटमध्ये नोंद होते 0.7. सामना असतो वानखेडेवर.

बुकीचा भाव हा कॉलम त्याने केलेलाच नसतो. दोन्ही बाजूंना 1.85 भाव असेल, म्हणजे शंभराचे 185 मिळत असतील, तर नुसते बरोबरीत सुटायला शंभरातल्या 54हून जास्त पैजा जिंकाव्या लागतात. शंभरात 57 आल्या की हा चहा पाजतो. शंभर पैजांत पाच-सहाचा चढउतार नशिबानेही होतो; ते 57 कर्तृत्वाचे की कसे, हे ठरायला हजारावर पैजा नोंदवाव्या लागतील. याची शीट पहिल्या मोठ्या हरण्याला बंद पडते, आणि त्या हरण्याची नोंद ‘डेटा एरर’ अशी होते.

ऑगस्ट 2025मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा गुंडाळल्या. बुकीची फॅन्सी आधीपासूनच बेकायदा. तेव्हापासून गणिती वडापाववर खेळतो. 1872च्या करार कायद्यातल्या कलम 30प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यामुळे हरणाऱ्याने हात वर केले तर वडापाव वसूल करायला कोणत्याही कोर्टात जाता येत नाही.