वयाचे गणित

सुमारे वीस वर्षांच्या ईशाने चाळिशीतल्या विक्रांत सरंजामेवर प्रेम करावे की नाही, या प्रश्नाने २०१८मध्ये महाराष्ट्राचे रात्रीचे जेवण लांबवले होते. ‘तुला पाहते रे’ या मालिकेने तो कायमचा सोडवला, याबद्दल झी मराठीचे जाहीर अभिनंदन व्हायला हवे होते. ईशा ही विक्रांतच्या पहिल्या पत्नीचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म निघाली. दोन्ही जन्मांची वर्षे धरली, की अंतर उरतेच कुठे? विक्रांत झालेल्या सुबोध भावे यांच्याकडे पाहून ज्यांना हा प्रश्न मुळात पडलाच नव्हता, त्यांच्याविषयी आपण काही बोलू नये.

वयाचा मुद्दा वयावर सोडवायचा नाही, ही आपली जुनी शिस्त आहे. १८९९च्या ‘संगीत शारदा’त म्हाताऱ्या भुजंगनाथाचे कोवळ्या शारदेशी ठरलेले लग्न मोडते, तेही त्याच्या वयापायी नव्हे, सगोत्र ठरल्यामुळे. गोत्र वेगळे असते, तर मंगलाष्टकांना कोणाची हरकत होती? आणि शारदेच्या बिचाऱ्या बापाला, कांचनभटाला, पुनर्जन्माची युक्ती सुचली असती, तर शारदाच थोरली ठरली असती.

पुढे मालिकेत कळले, की राजनंदिनीला विक्रांतनेच मारले होते. तेव्हा अनेक घरांत जीव भांड्यात पडला असणार. माणूस खुनीच आहे ना, मग वयाचे काय घेऊन बसलात!

वधूवर सूचक मंडळांनी आता बायोडेटात ‘मागील जन्माची तारीख’ हा रकाना घालावा. मृत्यूचे कारण मात्र विचारू नये. चांगली स्थळे हातची जातात.