काळी चारची जीप

जुनी गाडी मागून आवाज करू लागली की गावात वैद्यांचा तुटवडा पडत नाही. पंपावरचा पोरगा हवा भरता भरता सांगतो, टायर. शेजारी, ज्यांनी हयातीत स्कूटरखेरीज काही चालवलं नाही, ते ठामपणे सांगतात, बेरिंग. मेव्हणा सांगतो, विकून टाका. हा मेव्हण्याचा रामबाण उपाय आहे. शेतजमिनीपासून आईच्या पितळी डब्यांपर्यंत तो सगळ्यावर सुचवून झालेला आहे.

आमच्या जीपच्या मागच्या हौसिंगमधून पावसाळा संपताना सूर लागला. आवाज म्हणायची सोय नव्हती, कारण गाडीत अण्णा असत. अण्णा म्हणजे बायकोचे मामा. अल्लादियाखाँसाहेबांनी आणि गोविंदराव टेंब्यांनी जिथली हवा घडवली त्या कोल्हापुरात जन्मलेले आणि उभं आयुष्य पेटीची साथ केलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "काळी चार. मंद्रातली."

"गाडी बिघडलीय अण्णा."

"बिघडली असेल. पण सुरात आहे."

आता यात शास्त्र आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या लांबीनं येतो, चाकांचा आस आडवा असतो. ही काटकोनातली बदली दोन दातेरी चाकं करतात: छोटं पिनियन आणि मोठा क्राऊन. आमच्या जीपच्या पिनियनला ८ दात, क्राऊनला ४३. हे आकडे कुणी डोळे मिटून काढलेले नाहीत. दोघांना एक सोडून सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात आळीपाळीनं क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटून येतो आणि झीज सगळ्यांना सारखी वाटली जाते. तोटा एवढाच की एक दात दुखावला तर वाड्यातल्या बातमीसारखं ते त्रेचाळीसही घरी पोचतं.

तर चाकाच्या एका फेऱ्यात दातांच्या ४३ टकरा. जीपच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी ३९ किलोमीटरला चाक सेकंदाला पाचापेक्षा जरा कमी वेळा फिरतं, म्हणजे सुमारे २०८ टकरा. आणि पेटीवर ही कंपनं बरोबर काळी चारची. अण्णांनी यातला एकही गुणाकार केलेला नव्हता. त्यांनी मनगटी घड्याळ आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड घेऊन राधानगरी रोडवर सगळी पट्टी बसवून टाकली. एकोणपन्नासला पांढरी एक. बावन्नला काळी एक. अठ्ठावन्नला काळी दोन. साठला मात्र ती काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधोमध लोंबकळे, म्हणून साठनं गाडी हाणायला मला मनाई होती. "अठ्ठावन्न तरी ठेव, नाहीतर बासष्ट. मधे कशाला तडफडतोस?"

याचा उपयोग असा की जीपच्या मीटरची केबल कधीच तुटलेली होती. काटा शून्यावर आडवा पडून असे. मी विचारायचो, "अण्णा, किती?" आणि खिडकीबाहेर बघत अण्णा सांगायचे, "काळी एक. हळू घे, पुढं शाळा आहे."

पण सूर वाढत चालला. गाडीतून उतरल्यावरही तो कानात राही, आणि बायको फोनवर बोलताना लोक पलीकडून "चक्की चालू आहे का?" विचारत. शेवटी उद्यमनगरातलं मिस्त्रींचं गॅरेज गाठलं.

मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडलं नाही की खाली वाकले नाहीत. शेजारी बसले आणि म्हणाले, "चला." वळणावर गाडी डावी-उजवी करायला लावली, आवाज बदलला नाही, म्हणजे चाकाचं बेरिंग निर्दोष सुटलं. डांबरावरून खडीवर घ्यायला लावली. तरी तोच, म्हणजे टायर सुटला. मग म्हणाले, "पाय दाबा. आता सोडा." दाबला की आवाज भरदार, सोडला की किनरा. "क्राऊन-पिनियन हाय," मिस्त्री म्हणाले.

"स्वर तोच राहतो, फक्त लगाव बदलतो," मागच्या सीटवरून अण्णा म्हणाले. मिस्त्रींनी मागं वळून बघितलं आणि त्यांना नमस्कार केला.

ऑइल काढलं तर गंधकाचा दर्प आला. तो नव्वद नंबरच्या ऑइलला असतोच, त्यात काळजीचं काही नाही. काळजीचं होतं ते तळाला: दिवाळीच्या रांगोळीतल्यासारखी चमकी. पिनियनचं सील गळत होतं, ऑइल कमी पडलं होतं, आणि दात एकमेकांना खात होते.

मिस्त्रींनी दोन वाटा सांगितल्या. भंगारातल्या जीपची अख्खी हौसिंग आणून टाकायची, स्वस्तात काम. पण जी हाताशी होती तिचा क्राऊन ३९ दातांचा. पुढची हौसिंग ४३ची आणि मागची ३९ची झाली तर चिखलात फोर व्हील टाकल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडणार. अण्णांची हरकत वेगळी होती. "म्हणजे जवळजवळ दोन पट्ट्या खाली उतरणार. सगळं पुन्हा बसवायचं?"

म्हणून नवी जोडी घेतली. ही जोडीनंच विकत मिळते. कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते, त्यामुळे एकच नवा आणि दुसरा जुना चालत नाही. बसवणं हा खरा कसबाचा भाग. दातांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी ठेवायची, आणि त्यासाठी कागदासारखे पातळ शिम घालत-काढत राहायचं. मिस्त्रींनी डबीतून शेंदूर घेतला, ऑइलमध्ये कालवला आणि क्राऊनच्या चार-पाच दातांना बोटानं लावला. हातानं फिरवून बघितलं: शेंदूर दाताच्या टोकाकडे पुसला गेला होता. सगळं उतरवलं, शिम बदलला, पुन्हा शेंदूर. आता दाताच्या बुडाशी. पुन्हा उतरवलं. चहा आला, गार झाला. अखेर दाताच्या बरोबर मध्यावर लांबट, स्वच्छ ठसा उमटला. शेंदूर लागलेला क्राऊन बघून दारात आलेल्या एका गिऱ्हाईकानं सवयीनं चपला काढल्या.

"अण्णा, आता अजिबात आवाज येणार नाही," मिस्त्री अभिमानानं म्हणाले.

अण्णांचा चेहरा उतरला. "थोडा ठेवता येईल का?"

"कुठला स्वर ठेवू?" मिस्त्रींनी विचारलं, आणि अण्णा विचारात पडले.

परत येताना गाडी खरोखरच गप्प होती. त्यामुळे मागच्या फाळक्याची साखळी, सीटचा ढिला बोल्ट आणि पान्यांचा डबा यांना पहिल्यांदाच बोलायची संधी मिळाली. मी सवयीनं विचारलं, "अण्णा, किती?"

"मला काय विचारतोस? तानपुरा बंद करून सूर विचारतो."

वेगाचा अंदाज नाही म्हणून मी इतका जपून चालवत होतो की उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून आम्हाला मागं टाकून गेला. दुसऱ्या दिवशी हे मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. मीटरची केबल टाकून घ्या म्हणाले, आणि वर गंमत म्हणून जोडलं की फोर व्हील टाकली तर पुढचा क्राऊन अजून थोडा गातो, तोही ४३चाच.

गंमत अण्णांना कळत नाही. घरी निघताना, कोरड्या ठणठणीत डांबरावर, त्यांचा हात हळूच फोर व्हीलच्या दांड्याकडे गेला.

"अण्णा, डांबरावर टाकायची नसते. सगळं पुन्हा मोडेल."

"तालमीपुरती," अण्णा म्हणाले.