गहू महोदयांस तडीपारीचे खुले पत्र

प्रति,
मा. गहू महोदय,
मुक्काम कोपरगाव ते जामखेड, जिल्हा अहिल्यानगर (जुने अहमदनगर)

विषय : एका स्वयंपाकघरातून जन्मभराची तडीपारी.

सीलिॲक हा आजार म्हणजे नाजूक पोटाचे लाड नव्हेत. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. कणीक ताणली जाते आणि पुरणपोळी न फाटता लाटता येते, ती त्याच्याच कृपेने. डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके असलेल्या काही माणसांत मात्र हे प्रथिन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब आणि पोटफुगी ही ठळक लक्षणे. पुष्कळदा तीही नसतात. लोहाच्या गोळ्या खाऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, खुंटलेली उंची, तोंडात सारखे येणारे फोड, एवढेच दिसते. मग लेकराला जंताचे औषध दिले जाते, टॉनिक आणले जाते, दृष्ट काढली जाते. महोदयांवर संशय कोणीच घेत नाही.

तो घेतला जाणार तरी कसा? जिल्ह्यात महोदयांची पत मोठी. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस-गहू फोफावला. दक्षिणेचे कोरडवाहू तालुके रब्बी ज्वारीवरच राहिले. पोळी सणाची आणि भाकरी रोजची, हा हिशेब पुढे उलटला आणि रोज पोळी हे सुखवस्तूपणाचे लक्षण ठरले. शिर्डीत साईबाबांनी जात्यावर गहू दळून ते पीठ शिवेवर टाकायला लावले आणि महामारी हटली, ही कथा साईसच्चरित्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. ज्या पिठाने रोग शिवेवर अडवला, तेच पीठ एखाद्या घरात रोगाचे कारण ठरावे, हे पचायला जडच.

महोदयांविरुद्ध पक्का पुरावा उभा केला तो नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी. त्यांचा संशय जुनाच होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा सीलिॲकची मुले सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० चा. भारतातल्या तीन भागांत या आजाराची केलेली पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जनुके सगळीकडे जवळपास सारखीच, सुमारे एक तृतीयांश लोकांत. आजार मात्र उत्तरेत हजारी आठ-नऊ जणांना आणि दक्षिणेत हजारात धड एकालाही नाही. गव्हाचा रोजचा खप उत्तरेत माणशी साधारण ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. नगरचे ताट या दोन्हींच्या मधले.

तपासणीची सुरुवात रक्तापासून होते. टीटीजी आयजीए ही प्रतिपिंडांची चाचणी आणि सोबत एकूण आयजीए. हे दुसरे मुळातच कमी असेल तर पहिल्याचा निकाल फसवा निघतो. पुढची पायरी एंडोस्कोपीची. दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे चार-सहा बारीक तुकडे काढून बायोप्सीला पाठवतात. घोटाळा होतो तो याच्या आधी. कोणीतरी सांगते, गहू बंद करून बघा. पोट हलके वाटते. मग तपासणी होते आणि अहवाल चोख येतो. आरोपीला गावाबाहेर घालवून पंचनामा करण्यातला हा प्रकार. तपासणी पुरी होईपर्यंत पोळी चालूच ठेवावी लागते आणि आधीच सोडली असेल तर काही आठवडे पुन्हा खावी लागते. आजार ठरला की आईवडील आणि भावंडांचेही रक्त तपासायचे, कारण जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला तो सापडतो.

औषध नाही, पथ्य हाच उपचार. किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन असेल तर पाकिटावर ग्लुटेनमुक्त छापता येते, आणि त्या अक्षरांची किंमत बिस्किटांच्या पुड्यावर चांगलीच दिसते. खरे तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले वसुधा आणि फुले रेवती ही ज्वारी, बाजरी, अकोले तालुक्यातली नागली, वरई आणि भात यांत ग्लुटेन मुळातच नाही. बेसनाच्या मासवडीतही नाही. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा ही एकादशीची यादी तर रुग्णासाठीच केल्यासारखी. तरी पाहुणे हळहळतात : रोज भाकरीच का हो?

चोरवाटा पुष्कळ आहेत. रवा, शेवया, कुरडई आणि सातूचे पीठ ओळखू येतात. डबीतल्या हिंगात मिसळलेली कणीक किंवा मैदा आणि सोया सॉसमधला गहू ओळखू येत नाही. सगळ्यात मोठी वाट गिरणीची. गव्हाचे दळण उतरले की त्याच जात्यात ज्वारी पडते. दगडाच्या टाक्यांत आणि पीठ पडते त्या कापडी नळीत अडकलेली कणीक ज्वारीबरोबर डब्यात येते. गिरणीवाला पहिले थोडेसे पीठ बाजूला काढतो, पण तेवढ्याने भागत नाही. स्वतंत्र घरघंटी, वेगळी परात, वेगळे पोलपाट-लाटणे लागते. लग्नात पुऱ्यांच्याच तेलात भजी निघतात, म्हणून तीही वर्ज्य. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी आतड्याला इजा होते. पोळीचा तो जेमतेम पन्नासावा तुकडा.

पथ्य नीट पाळले की मुलांचे वजन काही महिन्यांत वाढू लागते. सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी पुन्हा तपासतात. मोठ्यांचे आतडे भरून यायला वर्षे लागू शकतात. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखालची तडीपारी फार तर २ वर्षांची असते. या हुकमाला मुदत नाही आणि अपिलाची सोयही ठेवलेली नाही.

प्रत माहितीसाठी : गिरणीचालक, लग्नाचे आचारी, तसेच ‘एका घासानं काय होतंय’ म्हणणाऱ्या समस्त आत्या-मावशा.