भावोजींसह ध्रुवप्रकाश पाहण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्यांना एकट्यानं ध्रुवप्रकाश पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन नाही. त्यांनी खुशाल जावं. हे आहे मनोर-पालघर-बोईसर पट्ट्यातल्या अशा सज्जनांसाठी, ज्यांच्या बहिणीचा नवरा तारापूर एमआयडीसीतून निवृत्त झाला आहे आणि ज्यानं नॉर्वेच्या ग्रुप टूरचे पैसे भरताना 'तुम्हालाही धरलंय' असं परस्पर ठरवून टाकलं आहे.

नियम १. भावोजींना माहितीपत्रक जरूर वाचू द्यावं, फक्त शेवटची ओळ वाचू देऊ नये. प्रकाश दिसेलच याची हमी नाही, असं तिथे बारीक अक्षरात छापलेलं असतं. आपल्या ग्रुप टूरचा सगळा डोलारा हमीवर उभा. सकाळी इतक्या वाजता नाश्ता, इतक्या वाजता बस, रात्री वरणभात. हे तंत्र बसवणाऱ्यांत आपल्या पालघरकडचेच केसरी पाटील होते. मास्तरकी सोडून ते या धंद्यात आले आणि १९८४ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. घरचं जेवण मिळालं की मराठी माणूस जगाच्या टोकापर्यंत येतो, हे त्या पिढीनं ओळखलं. सूर्य मात्र अजून कुठल्याच कंपनीच्या पगारावर नाही.

नियम २. विमान पहाटेचं असेल तर मनोरहून आदल्या संध्याकाळीच निघावं. वर्सोवा पुलावरच्या कोंडीचं वेळापत्रक कुठेही छापलेलं नसतं.

नियम ३. भावोजी विचारणारच, "ते किती वाजता असतं?" शांतपणे समजावावं. सूर्याकडून विद्युतभारित कण सुटतात, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते ध्रुवांकडे ओढले जातात आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनवर आदळले की हिरवा प्रकाश पडतो. दोनशे किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल दिसतो. जांभळट कडा नायट्रोजनची. एवढं ऐकून भावोजी म्हणतात, "म्हणजे टाइम फिक्स नाही." ज्या माणसानं सगळी उमर भोंग्यावर काढली, पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, त्याला याहून मोठी शिवी नाही.

मग ते मोबाइलवर ध्रुवप्रकाशाचा जोर सांगणारा केपी नावाचा आकडा बघत बसतात. तो शून्य ते नऊ असतो. नऊ असल्याशिवाय बसमधून उतरायचं नाही, असा त्यांचा बेत. खरं म्हणजे ट्रॉम्सो हे ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्याखालीच वसलेलं गाव, तिथे दोन-तीनसुद्धा पुरतो. बघायचा असतो तो ढगांचा नकाशा. किनाऱ्यावर ढग असले तर वाटाडे डोंगर ओलांडून थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत गाडी नेतात, तिकडची हवा कोरडी. आणि पौर्णिमेच्या आसपासची टूर शक्यतो टाळावी, चांदण्यात फिका प्रकाश बुडून जातो. भावोजींनी कोजागरीलाच जायचं काढलं होतं, शुभ म्हणून.

नियम ४. डिसेंबरात ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही. नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हीच तऱ्हा. तिथे भावोजींना टिळक आठवतात. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असल्याचा सिद्धांत टिळकांनी १९०३ च्या ग्रंथात मांडला, तोही उत्तर ध्रुवाकडे पाऊल न टाकता. या आधारावर भावोजी हॉटेलवाल्याला सांगतात, की आम्ही मूळचे इथलेच. आणि लगेच हीटर वाढवायला लावतात.

नियम ५, पोशाख. आपल्याकडे जानेवारीत वैतरणेवरून जरा गार वारा आला की भावोजी कानटोपी चढवतात. ती कानटोपी न्यावी. सुती बनियन नेऊ नये. हा मुद्दा ताईकडून पटवून घ्यावा, आपण तोंड उघडू नये. सुती कापड घाम शोषतं आणि ओलं राहतं, त्याचाच गारठा अंगात शिरतो. आत लोकर, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट, एवढं बास. बूट एक नंबर मोठे. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. बर्फावर चालताना खिशातले हात बाहेर, पावलं आखूड, तळवा सपाट. बुटांखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते लाज न बाळगता बांधावेत.

नियम ६. तूप, पेढे, मटणाचं सुकं, काहीही नेऊ नये. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला तिकडे बंदी आहे. चकली, चिवडा, घोलवडच्या चिकूच्या चकत्या चालतात. सुक्या बोंबलांबद्दल कायदा काय म्हणतो ते नंतर, बॅग उघडल्यावर शेजारच्या खोलीतले काय म्हणतील ते आधी बघावं.

बोंबलांवरून आठवलं. लोफोटेन बेटांवर फेब्रुवारीपासून कॉड मासा लाकडी मांडवांवर जोडीजोडीनं टांगून वाळवतात. मीठ नाही, मसाला नाही, नुसता गार वारा. ते मांडव दिसल्यावर भावोजींनी बस थांबवायला लावली. सातपाटी त्यांचं आजोळ. बराच वेळ ते मांडवाखाली मान वर करून उभे होते, आणि माहितीपत्रकात नसलेल्या जागी ते थांबल्याचं मी तेवढंच पाहिलं. गाडीत चढताना म्हणाले, "यांचे जरा जास्तच मोठे आहेत."

नियम ७, प्रत्यक्ष दर्शन. कॅमेरा तिकाटण्यावर, फ्लॅश बंद, पाच ते दहा सेकंदांचं एक्स्पोजर. जादा बॅटरी अंगाला लागून आतल्या खिशात, थंडीत ती झपाट्यानं उतरते. मोबाइल खिशात ठेवावा. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि एक 'गुड नाइट'चा मेसेज ती कमाई घालवतो. सुरुवातीला दिसतो तो हिरवा नसतोच, मळकट पांढरा पट्टा असतो. कॅमेऱ्याला तो हिरवा दिसतो, आपल्याला नाही. इथे अर्धी मंडळी "हा तर ढग" म्हणून बसमध्ये परततात आणि घोरायला लागतात.

भावोजी परतत नाहीत. तिसऱ्या पाळीची सवय. ठरावीक वेळानं बसभोवती एक फेरी, चारी दिशांना नजर, पुन्हा जागेवर. रात्री दोनला सगळं आकाश हललं तेव्हा बाहेर जागा असलेला आमच्या ग्रुपमधला हा एकटाच माणूस होता. बसचा दरवाजा बडवत ते ओरडले, "उठा, चालू झालंय!" कंपनीत मशीन सुरू झाल्याचं सांगावं त्या सुरात.

नियम ८. परत आल्यावर मस्तान नाक्यावर कुणीतरी भेटतोच आणि सांगतो, की मे २०२४ मध्ये हा प्रकाश लडाखात हानलेलाच दिसला होता, मग एवढा खर्च कशाला? खरं आहे. पण ते मोठं सौर वादळ होतं आणि क्षितिजालगतची ती लाली मुख्यतः कॅमेऱ्यांनीच टिपली. त्याचं बुकिंग होत नाही. हे भावोजींना पटलेलं नाही, ते हानलेचे रस्ते बघतायत. तिथली उंची सुमारे साडेचार हजार मीटर आहे आणि चार पावलांत धाप लागते, हे त्यांना ताईनं सांगावं. माझं ते ऐकत नाहीत.