एकच काडतूस

हरणापासून मूसपर्यंत सगळ्यांना चालेल असं एकच काडतूस घ्यायचं तर कोणतं, या प्रश्नावर अमेरिकेतले शिकारी अख्खा हिवाळा काढू शकतात. खरी अडचण अशी, की या प्रश्नाचं उत्तर १९०६ सालीच मिळालेलं आहे.

त्या साली अमेरिकी लष्करानं स्वीकारलेलं काडतूस म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स. व्यास इंचाचे तीस शतांश, साल सहा. नाव ठेवणाऱ्यानं याहून जास्त डोकं चालवलेलं नाही. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेला निघाले तेव्हा सामानात या जातीची एक रायफल होती, पुढे हेमिंग्वेच्याही होती. ११० ग्रेनपासून २२० ग्रेन वजनापर्यंतच्या गोळ्या त्यात बसतात. हलकी हरणाला, जड अस्वलाला. बहुतेक कुठल्याही दुकानात मिळतं, खांदाही मोडत नाही.

पण स्थळ सगळ्या बाजूंनी चांगलं असलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘नाव ठेवायला जागा नाही हो, पण अजून दोन-चार बघू या की!’ हे बघणं शंभरावर वर्षं चालू आहे. १९२५ मध्ये पॉइंट टू-सेव्हन्टी आलं, साठीच्या दशकात जास्त दारूच्या मॅग्नम काडतुसांची वरात आली, २००७ मध्ये सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमोर. हे शेवटचं खरं तर निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी काढलेलं. पण रानात त्याचाच बोलबाला आहे.

या वादाचे दोन महारथी होते. जॅक ओ’कॉनर विद्यापीठात शिकवायचा, नेटकं गद्य लिहायचा आणि टू-सेव्हन्टीवर त्याचा जीव होता: गोळी हलकी, वेग जास्त. एल्मर कीथ आयडाहोतला रँचवाला, डोक्यावर अंगापेक्षा मोठी वाटावी अशी हॅट. त्याचा विश्वास जाडजूड, जड गोळीवर. पुढे ओ’कॉनरही आयडाहोतच राहायला आला, म्हणजे एका राज्यात दोन संप्रदाय. दोघांनी मासिकांतून वर्षानुवर्षं एकमेकांची सालं काढली आणि वाचकांनी वर्गण्या भरल्या. दोघांच्याही गोळीनं जनावर पडत होतं, ही बाब कुणी फारशी मनावर घेतली नाही.

मला स्वतःला या मंडळींपेक्षा बेल जवळचा वाटतो. हा स्कॉटिश माणूस हस्तिदंतासाठी हजारावर हत्ती मारून बसला, आणि त्यातले बरेच सात मिलिमीटरच्या, म्हणजे हत्तीपुढे टाचणी वाटावी अशा गोळीनं. (जवळचा वाटतो तो हत्तींमुळे नव्हे, हे सांगितलेलं बरं.) त्यानं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदू नेमका कुठे असतो ते बघून ठेवलं होतं. हा अभ्यास कंटाळवाणा आणि घाण. त्यापेक्षा मोठी रायफल विकत घेणं सोपं. अर्थात बेलचं नाव सांगून टाचणी घेऊन निघणारेही निघालेच असते, म्हणून आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी पॉइंट थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह हा किमान व्यास ठरवून टाकला.

मोठ्या काडतुसाचं एक दुखणं त्याच्या जाहिरातीत नसतं. ते जितकं पुढे मारतं तितकं मागेही मारतं. दोन-तीन बारांत खांदा शहाणा होतो आणि चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लावतो. मग समोरचा एल्क, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, सुखरूप घरी जातो.

माझा भाचा मूळचा सांगलीचा, आता डेन्व्हरजवळ असतो. कोलोरॅडोत एल्कचे अमेरिकेतले सर्वांत मोठे कळप आहेत, त्यामुळे त्यालाही हा प्रश्न चावला. त्याचा म्हातारा शेजारी वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स घेऊन जातो, मटण घेऊन येतो, चर्चा करत नाही. भाच्याकडे तक्ते आहेत. मध्यंतरी तो त्याच निर्णयापाशी येऊन ठेपला होता, तेवढ्यात टेक्सासची नीलगाय आडवी आली. विदर्भात शेतकऱ्याच्या तोंडचा हरभरा पळवणारी आपली रोहीच ती. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात किंग रँचवर नेऊन सोडली आणि तिकडे चांगलीच फोफावली. नर अडीचशे किलोपर्यंत भरतो आणि सहजी पडत नाही अशी ख्याती आहे, म्हणून तिकडचे वाटाडे मॅग्नम आणा म्हणतात. तक्ते पुन्हा उघडले.

शेवटी एकदाची थर्टी-ऑट-सिक्स आली. लगेच फोन. “मामा, गोळी एकशे पासष्ट ग्रेनची घेऊ, की एकशे ऐंशीची?”

मी आयुष्यात छऱ्याची बंदूकसुद्धा धरलेली नाही, पण सल्ला मागितल्यावर मामानं गप्प बसायचं नसतं. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा ठरवून दिला तो बरोबर १८० ग्रेनचा, हल्लीच्या सराफाचा दहा ग्रॅमचा नव्हे. म्हटलं, “एकशे ऐंशी म्हणजे पुरता एक तोळा. पासष्टवाली अकरा मासे. तोळ्यात मासा कशाला कमी करतोस?”

त्याला हे पटलं. आठवड्यानं पुन्हा फोन. कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्यात, हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं.

“मामा, तांब्याची घेतली तर दहा माशांत भागतं म्हणे.”